जाळी कापण्याचा समारंभ

आमच्या मागच्या गॅलरीला लोखंडी जाळी आहे, आणि ती इतकी भक्कम आहे याला सर्वस्वी मी जबाबदार आहे. मी विमा कंपनीत दाव्यांच्या खात्यात आहे. लोकांच्या घरी चोर कसे शिरले आणि आगी कशा लागल्या, हे दिवसभर वाचण्याचा मला पगार मिळतो. त्यामुळे चौदा वर्षांपूर्वी हे घर घेतलं तेव्हा बायको म्हणाली, "साधी जाळी पुरे," आणि मी म्हणालो, "तुला काय माहीत." जमिनीपासून छतापर्यंत बोटाएवढे जाड चौकोनी गज लावून घेतले. बसवणाऱ्याने दोनदा विचारलं होतं, आत नक्की काय ठेवणार आहात. चौदा वर्षांत एकही चोर फिरकला नाही. पाच महिन्यांपूर्वी सासरे राहायला आले, आणि ते अडकले.

सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. पस्तीस वर्षं ते कारखान्यात कटिंग खात्याचे फोरमन होते. खुबा मोडला, चाकाची खुर्ची आली, आणि बायकोने त्यांना आमच्याकडे आणलं. आमची इमारत उतारावर आहे. पुढच्या दाराला नऊ पायऱ्या. मागची गॅलरी मात्र थेट अंगणाला टेकलेली, आणि मध्ये माझी जाळी. पहिल्या दिवशी मी आणि शेजारच्या तिघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून वर आणलं. वर आल्यावर अण्णांनी शर्ट नीट केला आणि म्हणाले, "आभारी आहे. आता चौघांनी उचलायचं ते एकदाच."

म्हणजे प्रश्न मिटला. अण्णा एकदा बोलले की बोलले. मग ते दिवसभर गॅलरीत बसून जाळीतून अंगण बघायचे. समोर एक झाड आहे, झाडाखाली बाक आहे, बाकावर त्यांच्याच वयाचे तिघे पत्ते खेळतात. अण्णा आतून त्यांच्या चुका काढायचे. चार महिने हे चाललं. मग एका सकाळी मी चहा घेऊन गेलो तर अण्णांनी खुर्ची उलटी वळवलेली, आणि ते कपडे धुण्याच्या मशीनकडे तोंड करून बसलेले.

"अण्णा, तिकडे काय बघताय?" बायकोने विचारलं.

"इथे निदान काहीतरी फिरतंय," अण्णा म्हणाले.

बायको स्वयंपाकघरात आली, तिने नळ सोडला, आणि नळाच्या आवाजात थोडं रडून घेतलं. मग नळ बंद करून म्हणाली, "अहो, ती जाळी कापा. दार करा तिथे." मला फार वाईट वाटलं. बोटाएवढे जाड गज मीच मागितले होते ना.

इथे माझं आणि अण्णांचं नातं सांगायला हवं. लग्न ठरलं तेव्हा त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता: "हाताने काय करता?" मी म्हणालो, "सही." त्यानंतरच्या बावीस वर्षांत आमच्यात जे बोलणं झालं ते एका पोस्टकार्डावर मावेल, आणि त्यातलं निम्मं "जेवलात का" हे असेल. ते मला जावईबापू म्हणतात. त्यातलं बापू ते जरा ओढून म्हणतात.

तर जाळी कापायची. मला वाटलं, वेल्डरला बोलवायचं, तो कापेल. पहिला आला. त्याने टेप काढली, आत अण्णांना पाहिलं, टेप खिशात घातली, आणि पोटात कळ येते म्हणून गेला. दुसऱ्याने फोनवरच विचारलं, "फोरमनसाहेब तिथेच राहतात ना?" आणि मी हो म्हणताच त्याचा फोन खराब झाला. आमच्या भागातला जो कोणी लोखंड कापतो तो कधी ना कधी अण्णांच्या हाताखाली शिकलेला आहे, ही गोष्ट मला तेव्हा कळली. तिसऱ्याचं स्वतःचं वर्कशॉप आहे, हाताखाली सहा माणसं आहेत, केस पांढरे झालेत. अण्णांनी त्याचं नाव ठिणगी ठेवलं होतं आणि तेच अजून चालू आहे.

"साहेब, माझं प्लाझ्मा कटरचं मशीन न्या," ठिणगी म्हणाला. "ग्राइंडर लावलात तर दोन दिवस किंचाळत बसेल आणि अख्खी इमारत अंगावर येईल. हे विजेच्या झोताने लोखंड वितळवून कापतं, तासाभराचं काम आहे. हवेसाठी कॉम्प्रेसर पंक्चरवाल्याकडे मिळेल. पण त्यांच्यासमोर माझा हात चालायचा नाही."

"अहो, तुम्हाला तीस वर्षं झाली असतील हे काम करून."

"म्हणूनच सांगतो. आणि मशीन माझं आहे हेही बोलू नका."

संध्याकाळी मी गॅलरीत गेलो आणि मशीनपाशी, म्हणजे कपड्यांच्या मशीनपाशी, उभा राहून घसा साफ केला. म्हणालो, "अण्णा, जाळी कापायची ठरवलीय. प्लाझ्मा कटरने."

"कोण कापणार?"

"मी."

अण्णांनी हळूहळू खुर्ची वळवली, पाच-सहा दिवसांनी प्रथमच, आणि माझ्याकडे पाहिलं. "सही करता तो हात कुठला?"

"उजवा."

"दाखवा."

तेव्हापासून पंधरा दिवस माझं जे शिक्षण झालं, त्यापुढे शाळा म्हणजे करमणूक होती. मशीन घरात होतं, पण त्याला हात लावायची मला बंदी होती. मला मिळालं एक बॉलपेन. रोज ऑफिसातून आल्यावर, चहाच्या आधी, त्या पेनाने भिंतीवर लावलेल्या वर्तमानपत्रावर रेघ ओढायची. सरळ, एकाच वेगाने, कागदाला टोक न टेकवता, आणि तरी कागदापासून लांब न जाता. "रेघ उमटतच नाही, अण्णा," मी पहिल्या दिवशी म्हणालो. "उमटली म्हणजे चुकलात," अण्णा म्हणाले. बायको जाता-येता बघायची. चौथ्या दिवशी तिने मला बाजूला घेऊन विचारलं की ऑफिसात सगळं ठीक आहे ना.

मध्येच नियम. मी ते ऑफिसच्या सवयीने दोन प्रतींत लिहून घेतले. कपडे सुती, पूर्ण बाहीचे. पँटला खाली दुमड नको, दुमडीत ठिणगी बसते. बूट चामड्याचे. खिशात काही नको. डोळ्यांवर काळी काच, आणि काच नसलेल्याने त्या उजेडाकडे बघायचं नाही. हात कोरडे, जमीन कोरडी. नोझल बदलायचं तर आधी प्लग काढायचा. "आणि ठिणगी जाते कुठे, हे आधी बघायचं," अण्णा म्हणाले. "काप नंतर."

शेवटचा नियम सांगताना ते जरा थांबले. "काप झाला की मशीन बंद करून अर्धा तास तिथेच बसायचं. राखण. ठिणगी लगेच पेट घेत नाही, ती दबा धरून बसते. आमच्या खात्यात काप कोणीही करायचा, राखणीला मी बसायचो."

मी तेही लिहून घेतलं. मला वाटलं, रिटायर माणसाची आठवण आहे.

आता सोसायटीची परवानगी. आमचे सचिव अतिशय सज्जन गृहस्थ आहेत, पण छापील नमुन्याबाहेरचं जग त्यांना मान्य नाही. परवानगीच्या नमुन्यात चार चौकोन होते: रंगकाम, नळकाम, सामान हलवणे, समारंभ.

"कापकाम नाही यात," मी म्हणालो.

"नाही ना. म्हणजे या चारपैकी कशात बसतं ते बघू." त्यांनी चष्मा लावला. "रंग लावणार का?"

"नाही."

"पाणी? नाही. सामान आहे तिथेच राहणार. मग समारंभ उरतो."

"अहो पण—"

"यात वीज जास्त वापरली तर चालते, आवाज चालतो, अंगण वापरता येतं. तुम्हाला आणखी काय हवं?"

मला आणखी काही नको होतं. मी समारंभावर खूण केली. खाली 'समारंभाचे प्रयोजन' अशी एक ओळ होती. मी पेन टेकवून बसलो. बावीस वर्षं लोकांच्या नमुन्यांतल्या रिकाम्या ओळींना मी लाल खूण करत आलोय, पण मला काही सुचेना. "असू दे, नंतर भरा," सचिव म्हणाले. "पण भरल्याशिवाय फाइल बंद होणार नाही हं."

दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर लागलं: रविवारी सकाळी दहा वाजता तळमजल्यावरील कुटुंबातर्फे मागील अंगणात समारंभ, सर्वांनी उपस्थित राहावे. शेवटचं वाक्य त्यांच्याकडे आधीच टाइप केलेलं असतं, ते आपोआप लागतं. मी काढायला सांगायला गेलो तर म्हणाले, मग सोसायटीच्या पन्नास खुर्च्या आणि सतरंजी रद्द करावी लागेल, त्याचा नमुना वेगळा आहे.

इथे मी हात दाखवून अवलक्षण केलं. चूक माझी एकट्याची, बायको याच्याशी सहमत आहे. पन्नास माणसं येणार, आणि आमची जाळी गंजलेली, रंगाचे पोपडे निघालेले. चारचौघांत शोभा नको. मी गुरुवारी रजा टाकली, ऑइलपेंटचा डबा आणला, आणि अण्णा दवाखान्यात तपासणीला गेलेत— छे, ते जाणार कुठले, डॉक्टरच घरी आले होते. ते आतल्या खोलीत अण्णांना तपासत होते आणि मी बाहेर जाळीला दोन हात चॉकलेटी रंग देत होतो. संध्याकाळी जाळी अशी चकाकत होती की मी स्वतः मागे सरून पाहिली. वासावरून अण्णांना काहीतरी कळलं असावं, पण त्यांना सर्दी होती, डॉक्टरांनी रविवारपर्यंत गॅलरीत बसायला मनाई केली होती, आणि मी दार लावून घेतलं होतं.

रविवार उजाडला. पंक्चरवाला कॉम्प्रेसर घेऊन आला. तो म्हणाला, कॉम्प्रेसरला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, आणि टाकीतलं पाणी काढून टाकून त्याच्याशेजारी बसला. पावणेदहापर्यंत अंगण भरलं. लोक ठेवणीतले कपडे घालून आले होते. पहिल्या मजल्यावरच्या काकू झुळझुळीत नायलॉनमध्ये, हातात फुलांचा गुच्छ. "कुणाला द्यायचा हा?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, "थांबा थोडं." सचिवांनी जाळीसमोरच सतरंजी अंथरली होती.

तेवढ्यात बायकोने अण्णांना गॅलरीत आणलं. अण्णांनी आधी लोक पाहिले. मग जाळी पाहिली. बराच वेळ पाहिली. मग त्यांनी हात पुढे करून गजावरून बोट फिरवलं.

"जावईबापू."

"हो अण्णा."

"कापायच्या लोखंडाला रंग?"

"पाहुणे येणार होते," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

"अर्थिंगचा चिमटा या रंगावर लावलात तर वीज जाणार कुठून? आणि जिथे कापाल तिथे आधी रंग पेटेल, त्याचा धूर पन्नास माणसांच्या नाकात." आवाज चढलेला नव्हता. कारखान्यात पस्तीस वर्षं लोक याच आवाजाला घाबरत असणार. "अठरा काप आहेत. प्रत्येक ठिकाणी वीतभर रंग खरवडून काढा. खालचं लोखंड चमकलं पाहिजे."

मी एकटा खरवडत बसलो असतो तर पुढच्या रविवारपर्यंत पुरलं असतं. पण काकूंनी गुच्छ खुर्चीवर ठेवला, घरी गेल्या आणि उलथनं घेऊन आल्या. मग कोणी सुरी आणली, कोणी कालथा, पत्तेवाले तिघे पटाशी घेऊन आले. दोन तास आमच्या इमारतीतले सभ्य लोक चांगल्या कपड्यांत उकिडवे बसून, मी आदल्या गुरुवारी रजा टाकून दिलेला रंग खरवडत होते. अण्णा आतून एकेकाचा गज तपासत होते. पत्तेवाल्यांपैकी एकाला त्यांनी तीनदा परत पाठवलं. "पत्त्यांतही असंच अर्धवट खेळता," असंही सांगितलं. त्या गृहस्थांनी पाच महिन्यांत प्रथमच त्यांना जवळून पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे आतून बोलणारे ते तुम्ही होय."

मग अण्णांनी समारंभाचा ताबा घेतला. काप आतून बाहेर होणार, म्हणजे ठिणग्या अंगणात. तेव्हा खुर्च्या मागे, झाडापलीकडे. नायलॉन घातलेले सगळ्यात मागे. रंगाचे पोपडे झाडून काढले. सतरंजी सचिवांनी घाईघाईत गुंडाळली आणि भिंतीशी उभी केली. पाण्याच्या दोन बादल्या, एक वाळूची. गॅलरीतले जुने कागद, गादी, पडदा, सगळं आत. आणि काळी काच दोघांकडेच असल्यामुळे बाकी सगळ्यांनी खुर्च्या उलट्या करून पाठ फिरवायची. समारंभाला आलेल्या पन्नास जणांनी मुकाट्याने समारंभाकडे पाठ केली. काकूंनी विचारलं की मग टाळ्या कधी वाजवायच्या.

"जावईबापू, अंगात काय आहे ते?"

माझ्या अंगात ऑफिसचा शर्ट होता. "सुती आहे, अण्णा. म्हणजे, निम्मा."

अण्णांनी बायकोला सांगितलं, "पोरी, माझी ट्रंक उघड. तळाला आहे." ती चामड्याचा ॲप्रन घेऊन आली. काळा पडलेला, पोटावर बारीक बारीक भाजल्याच्या खुणा. बायको थांबली. तिने लहानपणापासून तो खुंटीवर पाहिला होता, आणि त्याला कोणी हात लावलेला कधी पाहिला नव्हता. अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "मागची गाठ घट्ट मार त्यांची."

मी काच खाली घेतली, चिमटा चकचकीत लोखंडावर लावला, कटरची मूठ हातात धरली. पंक्चरवाल्याने हवा सोडली. मी चाप दाबला, निळसर उजेडाची सुई निघाली, आणि सगळ्या इमारतीचे दिवे गेले.

कोणीतरी पाणी तापवायला लावलं होतं. सचिव प्रत्येक मजल्यावर जाऊन बंद करून आले. म्हणाले, समारंभाच्या नमुन्यात याची तरतूद आहे.

दुसऱ्यांदा चाप दाबला. त्या वेळचं मला एवढंच आठवतं की मागून अण्णांचा आवाज येत होता, पंधरा दिवस ऐकलेला. "घाई नको. थांबूही नका. तसंच. तसंच." पहिला गज कापला गेला तेव्हा मला खरं वाटेना. दुसरा जरा वाकडा गेला. सहाव्यापर्यंत घाम काचेच्या आत उतरला. वरचे नऊ कापण्याआधी अण्णांनी दाराएवढी चौकट दोरखंडाने बांधायला लावली होती, म्हणून शेवटचा काप झाल्यावर ती पायावर पडली नाही, नुसती लोंबली. मी आणि पंक्चरवाल्याने ती उतरवली. मशीन बंद केलं, प्लग काढला, काच वर केली. जिथे चौदा वर्षं जाळी होती तिथे झाड दिसत होतं.

लोकांनी खुर्च्या वळवल्या आणि टाळ्या वाजवल्या. काकू गुच्छ घेऊन धावत आल्या, चौघे जण अण्णांची खुर्ची ढकलायला पुढे झाले. बायको रडत होती, आता नळाशिवाय.

"थांबा," अण्णा म्हणाले. "अर्धा तास."

"आता कसला अर्धा तास, अण्णा? दार झालं, चला बाहेर," बायको म्हणाली.

"राखण आहे. तुम्ही सगळे चहा घ्या. आम्ही दोघं बसतो."

पाच महिने ज्याची वाट बघितली ते दार समोर उघडं, आणि हा माणूस मनगटावरचं घड्याळ सोडून मांडीवर ठेवतो. लोक चहाला गेले. मी ॲप्रनसकट जमिनीवर बसलो, अण्णा खुर्चीत. पहिली दहा मिनिटं आम्ही ठिणग्यांच्या काळ्या ठिपक्यांकडे बघत होतो. मग अण्णा म्हणाले, "दुसरा गज वाकडा गेलाय."

"हो."

"माझा पहिल्या दिवशी सगळाच वाकडा गेला होता." थोड्या वेळाने म्हणाले, "तुम्ही ऑफिसात काय करता, म्हणजे नक्की काय?"

बावीस वर्षांनी विचारलं. मी सांगितलं. आगीचे दावे येतात, आग कुठून सुरू झाली ते कागदांवरून शोधायचं; एका गोदामाच्या आगीचंही काढलं. अण्णा ऐकत होते. मध्येच म्हणाले, "म्हणजे तुम्हीही राखणच करता. फक्त उशिरा पोचता." मला काय वाटलं ते सांगता येत नाही, पण बरं वाटलं.

मग म्हणाले, "मशीन ठिणगीचं ना? अर्थिंगची वायर अजून उलटी गुंडाळतो. झाडामागे सकाळपासून लपून उभा आहे. त्याला म्हणावं उद्या येऊन बिजागऱ्या लाव. मी बघणार नाही. आणि—" ते थांबले. नाक वर केलं. "ती सतरंजी."

भिंतीशी उभ्या गुंडाळीच्या तोंडातून धुराची बारीक रेघ निघत होती. मी उठलो, सतरंजी ओढून अंगणाच्या मध्यावर आणली, उलगडली. आत नाण्याएवढं भोक पडलेलं आणि त्याच्या कडा लाल. दोन्ही बादल्या ओतल्या. तिथून हातभर वर काकूंच्या गॅलरीचा पडदा लोंबत होता. मी परत येऊन अण्णांच्या खुर्चीला टेकून बसलो.

"किती मिनिटं झाली होती?" मी विचारलं.

"तेवीस."

सात मिनिटांनी मी म्हणालो, "अण्णा, झाला अर्धा तास. चला."

अण्णांनी अंगणाकडे पाहिलं. बाकावर पत्ते मांडले होते, एक जागा मोकळी ठेवली होती. त्यांनी घड्याळ उचलून कानाशी धरलं, पुन्हा मांडीवर ठेवलं. "नाही. निखारा सापडला की तिथून पुन्हा अर्धा तास मोजायचा."

"असा नियम आहे?"

"आहे," अण्णा म्हणाले. "बसा. आपलं बोलणं पोस्टकार्डावर मावतं म्हणे... ते गोदामाच्या आगीचं काय सांगत होतात?"

पोस्टकार्डाचं मी फक्त बायकोशी बोललो होतो. मी मान खाली घातली आणि गोदामाच्या आगीचं सांगितलं. ते लांब प्रकरण आहे, पण अण्णांना सगळं ऐकायचं होतं. अर्धा तास झाला तेव्हा त्यांनी घड्याळ बांधलं, दोन्ही चाकांवर हात ठेवले, आणि कोणाला हात लावू न देता त्या वाकड्या कापाशेजारून बाहेर गेले.

सोमवारी सचिव नमुना घेऊन आले. खुर्च्या पन्नास, परत मिळाल्या. सतरंजी एक, भोक एक. ते मी कबूल केलं. "आणि ही ओळ राहिलीय," ते म्हणाले. "प्रयोजन."

मी पेन काढलं. उजव्या हाताने, न थांबता, घाई न करता लिहिलं: 'अण्णा बाहेर आले.'

सचिवांनी वाचलं. मला वाटलं, आता ते चार चौकोनांत कशात बसतं ते विचारणार. त्यांनी चष्मा पुसला आणि शिक्का मारला.